घरच्या घरी चुन्याचा गिलावा: पहिल्यांदाच करणार असाल तर

जुन्या मातीच्या किंवा दगडी घराची भिंत खालून ओलसर राहायला लागली, रंगाचे पोपडे निघायला लागले की कोणीतरी सांगतंच, सिमेंटचं प्लास्टर मारून टाका, कटकट मिटेल. मिटत नाही. अशी भिंत जमिनीतलं पाणी थोडंफार ओढतच असते आणि ते वरच्या वर उडूनही जात असतं, त्यावर सिमेंटचा टणक थर बसला की त्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, मग ते भिंतीतल्या भिंतीत वर चढतं, जोत्याजवळची ओल कमरेपर्यंत येते, आतले लाकडी खांब कुजायला लागतात आणि एक दिवस सिमेंटचा अख्खा पापुद्रा मागच्या मातीसकट सुटून येतो. चुन्याचा गिलावा वाफ अडवत नाही, भिंत जराशी हलली तर तोही सांभाळून घेतो, आणि केसाएवढी भेग पडलीच तर पाण्यात विरघळलेला चुना तिथे पुन्हा जमून ती बऱ्याचदा आपोआप बुजते. त्यामुळे घर जुन्या पद्धतीचं असेल तर चुनाच लावा, आणि एक छोटी भिंत तरी स्वतःच्या हातानं करून बघा, खरंच जमण्यासारखं काम आहे.

चुना घट्ट कसा होतो ते आधी समजून घ्या कारण पुढचे सगळे नियम त्यातनंच येतात. चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि राहते ती चुनकळी (कोकणात आणि गोव्यात दगडाऐवजी शिंपले भाजून चुना करायचे, मुंबईतल्या चुनाभट्टीचं नावही असल्याच भट्ट्यांवरून पडलंय). चुनकळी पाण्यात टाकली की प्रचंड तापते, फुटते आणि तिचा चुना होतो. हा चुना भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. पण यासाठी ओलावा लागतो. गिलावा कोरडा पडला की हे काम जागच्या जागी थांबतं, आणि पाण्यानं गच्च भरला तर आत हवाच शिरत नाही म्हणूनही थांबतं, त्याला दमट ठेवावं लागतं आणि तेही बरेच दिवस. नवशिक्यांचे गिलावे बिघडतात ते हात वळत नाही म्हणून नाही, घाई केली म्हणून बिघडतात.

म्हणून सुरुवात कॅलेंडरपासून करा. उन्हाळ्यात गिलावा भराभर वाळतो, भर पावसाळ्यात बाहेरची भिंत वाळतच नाही, दिवाळीनंतर ते जानेवारी-फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. आणि चुना भिजवून किमान १५ दिवस, शक्यतो दोन-तीन महिने मुरवायचा असतो, म्हणजे दिवाळीनंतर काम काढायचं तर गणपतीच्या आसपास चुना पाण्यात पडायला हवा. भिंत कुठली घ्यायची? आतली, सावलीतली, साधारण ४ फूट बाय ५ फुटांचा तुकडा. दगड, जांभा, भाजलेल्या विटा, पांढरी माती यातलं काहीही चालेल. आरसीसीची भिंत, ऑइल पेंट मारलेली भिंत किंवा घट्ट बसलेलं सिमेंट प्लास्टर यावर पहिला प्रयोग करू नका, चुन्याला धरायला तिथे काहीच मिळत नाही. आणि बाथरूम तर अजिबात नको.

आता चुना. बिल्डिंग मटेरियलवाल्याकडे चुनकळी मिळेलच असं नाही, पण साखर कारखान्यांना रस स्वच्छ करायला चुना लागतो त्यामुळे त्यांना माल देणाऱ्या लोकांकडे चौकशी करा. जास्तीत जास्त शुद्ध, पांढरा चुना पाहिजे, आयएस ७१२ या बांधकामाच्या चुन्याच्या भारतीय मानकात ज्याला सी क्लास म्हणतात तो. ढेकळं अख्खी आणि कडक असावीत, आकाराच्या मानानं हलकी लागावीत. पोत्यात अर्धी पावडर झालेली असेल तर तो माल हवेतला ओलावा पिऊन बसलाय, घेऊ नका. दुकानातच टेस्ट करता येते, स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन लांबून एक सुपारीएवढा खडा टाका, काही मिनिटांत सुं सुं आवाज करत तो फुटायला लागला पाहिजे. वरच्या मापाच्या भिंतीला १२ ते १५ किलो चुनकळी भरपूर झाली, एक किलोचा ढोबळमानानं दोन लिटर घट्ट चुना होतो आणि आपल्याला साधारण २० लिटर लागेल.

चुनकळी मिळाली नाही किंवा घरात लहान मुलं आहेत म्हणून भीती वाटत असेल तर पिशवीतली चुना पावडर घ्या, पहिल्या भिंतीला तीही चालते, फक्त ताजी पाहिजे. चमचाभर व्हिनेगरमध्ये चिमूटभर पावडर टाकून बघा, नुसती विरघळली तर ठीक, सोडा टाकल्यासारखा जोरात फेस आला तर तिची पिशवीतच चुनखडी होऊन गेलीय. पावडर पाण्यात कालवून आठवडाभर झाकून ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

चुनकळी भिजवणं हा या कामातला सगळ्यात धोकादायक भाग आहे, तेव्हा हा परिच्छेद दोनदा वाचा. पूर्ण डोळे झाकणारा गॉगल, लांब रबरी हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली. पत्र्याचा ड्रम घ्या, प्लॅस्टिकचा नको, पाणी उकळतं आणि प्लॅस्टिक वितळू शकतं. ड्रममध्ये आधी पाणी, चुनकळीच्या वजनाच्या तीन-चार पट, आणि मग त्यात चुनकळी थोडी थोडी सोडायची. उलटं कधीही करायचं नाही, चुनकळीच्या ढिगावर पाणी ओतलं तर वाफेबरोबर चुना अंगावर उडतो. पहिला मिनिटभर काहीच होत नाही असं वाटतं, आणि मग ढेकळांना तडे जायला लागतात, तड्यांतनं बुडबुडे येतात, पाणी कडेनं थरथरतं आणि बघता बघता अख्खा ड्रम खदखदायला लागतो. लांब दांड्याच्या फावड्यानं किंवा लोखंडी सळईनं ढवळत राहा, तोंड ड्रमवर नेऊ नका, खाली ढेकळं एका जागी साठली तर ती आत जळतात आणि त्यांचा चुना कणीदार होतो. फार घट्ट व्हायला लागलं तर पाणी वाढवा. डोळ्यात उडालाच तर लगेच साध्या पाण्यानं किमान १५-२० मिनिटं डोळा धुवत राहायचं आणि थेट दवाखाना गाठायचा, लिंबू, व्हिनेगर असलं काही डोळ्यात घालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी थंड झालं की चाळणीतून गाळून घ्या. खाली जे दगडासारखे खडे राहतात ते नीट न भाजलेले असतात, फेकून द्या, पण बारीक कण गाळायचा कंटाळा करू नका कारण न फुटलेला कण गिलाव्यात गेला तर तो महिन्या-दोन महिन्यांनी भिंतीतच फुटतो आणि गुळगुळीत भिंतीवर टपकन एक खड्डा पडतो. गाळलेला चुना ड्रममध्ये नाहीतर झाकणाच्या बादल्यांत भरा, वर चार बोटं पाणी कायम राहिलं पाहिजे म्हणजे हवा लागत नाही, आणि मुरू द्या. चांगला मुरलेला चुना चक्क्यासारखा होतो, थापीवर घेतला की उभा राहतो आणि थापी हलवली की मऊ पडतो.

वाळू धारदार कणांची, जाड-बारीक मिसळ असलेली पाहिजे. समुद्राची वाळू घेऊ नका, त्यातलं मीठ आयुष्यभर भिंतीतून फुटत राहतं. नदीची वाळू मिळत नसेल तर प्लास्टरची क्रश सँड चालते, धूळ फार असेल तर धुऊन घ्या. बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवून ठेवलं की वर गाळाचा थर दिसतो, तो थर जाड दिसला की समजायचं धुवायलाच हवी. चुना किती घालायचा हेही वाळूच सांगते. कोरड्या वाळूनं एक तांब्या काठोकाठ भरा, मग मापानं पाणी ओतत जा, पाणी वर दिसायला लागलं की थांबा. जेवढं पाणी गेलं तेवढी वाळूच्या कणांमधली पोकळी, आणि तेवढाच चुना त्या वाळूला लागतो. बहुतेक वेळा हे तांब्याच्या एक तृतीयांशाच्या जवळपास येतं, म्हणून सगळीकडे एकास तीन हे प्रमाण सांगतात. आपल्या तुकड्याला १५ लिटरच्या बादलीनं तीन बादल्या वाळू आणि एक बादली घट्ट चुना, शिवाय फिनिशिंगसाठी तीन-चार लिटर चुना वेगळा.

मिसळताना वरून पाणी घालायचा मोह होईल, घालू नका. सुरुवातीला मिश्रण कोरडं आणि हट्टी वाटतं, पण तुडवत, कुटत, दाबत राहिलं की अर्ध्या तासानं ते आपोआप ओलं आणि लोण्यासारखं नरम होतं. पूर्वी हे काम चुन्याच्या घाण्यावर व्हायचं, बैल फिरवून दगडी चाकाखाली चुना मळायचा, आपल्या कितीतरी गडांवर त्या घाण्याचा गोल चर आणि ते चाक आजही पडलेलं दिसतं. घरी गमबूट घालून ताडपत्रीवर तुडवलं किंवा धुमसानं कुटलं तरी होतं. सिमेंट मिक्सरमध्ये त्याचे गोळे होतात आणि गोळे फुटावेत म्हणून माणूस पाणी घालतो, तिथून भेगांची सुरुवात होते. मळलेला माल ढीग करून ओल्या गोणपाटाखाली आणि प्लॅस्टिकखाली आठवडाभर ठेवा, वापरायच्या आधी परत मळा. थापीवर घेऊन थापी उलटी धरली तर माल चिकटून राहिला पाहिजे.

भिंतीला ओल येते असा संशय असेल तर तिसऱ्या वाळूच्या जागी सुरखी म्हणजे विटांचा बारीक भुगा घाला, एक चुना, दोन वाळू, एक सुरखी. कमी भाजलेल्या विटेचा भुगा जास्त चांगला कारण तो चुन्याशी जास्त जोरात धरतो आणि ओल्यातही घट्ट होतो. फक्त सुरखी वापरायच्या दिवशीच मिसळायची, आठवडाभर आधी मिसळून ठेवली तर ढिगातच धरायला लागेल.

आता गूळ, हिरडा, बेलफळ, मेथी, उडीद यांच्याबद्दल विचाराल. जुन्या बांधकामात यातलं बरंच काही वापरायचे, हिरडा तर जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आजही गोळा होतो, आणि त्यांचा उपयोगही आहे, गुळानं माल कमी पाण्यात नरम होतो, हिरड्यानं बांधणी सुधारते. पण गूळ जास्त झाला तर गिलावा लवकर धरतच नाही, आणि पहिल्याच भिंतीत हे सगळं घातलं तर काय बिघडलं आणि कशामुळे बिघडलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की पहिली भिंत नुसत्या चुना-वाळूची करा. तंतू मात्र जरूर घाला, पहिल्या दोन थरांत, ताग नाहीतर अंबाडीचा वाख बोटाच्या दोन पेरांएवढा कापून, मोकळा करून, मळतानाच थोडा थोडा भुरभुरून. भेगा धरून ठेवायचं काम तो करतो. वेरूळच्या लेण्यांतल्या जुन्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडलेत, इतकी जुनी युक्ती आहे ही.

भिंतीची तयारी. आधी ओल कुठून येते ते बघा, फुटकी कौलं, गळकी पन्हळ, पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साठणं, बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच असणं, हे तसंच ठेवून चुना लावला तर चुन्यालाही मर्यादा आहेत. मग जुना सुटलेला गिलावा छिन्नी-हातोडीनं काढा (ब्रेकर मशीन नको, मागची माती ढासळते), दगड-विटांमधल्या दरजा अर्धा इंच खोल खरवडा, ब्रशनं धूळ काढा. मोठे खड्डे असतील तर दगडाच्या चिपा आणि माल दाबून दोन-चार दिवस आधी भरून ठेवा, एकाच थरात खड्डाही भरायचा आणि भिंतही सरळ करायची असं केलं की तिथे हमखास भेग येते. आदल्या संध्याकाळी भिंतीवर पाणी मारा, सकाळी पुन्हा मारा. हात लावला तर गार आणि दमट लागली पाहिजे, पण पाणी चकाकत नको. मातीच्या भिंतीवर फवारणीच करा, पाईप लावू नका.

पहिला थर १० ते १२ मिलिमीटर. माल थापीनं भिंतीवर मारायचा, म्हणजे खरंच फेकायचा, मनगटाला झटका देऊन. नुसता लिंपला तर मागे हवा राहते, फेकलेला माल दरजांमध्ये घुसतो. थोडा वेळ खाली बराच पडेल, ओल्या प्लॅस्टिकवर पडलेला माल उचलून परत वापरा. खालून वर जा, पट्टीनं ढोबळ सारखा करा, गुळगुळीत करू नका. तासा-दोन तासांनी जरा ओढून आला की खिळ्यानं तिरप्या रेघा मारून चौकड्या पाडा, दुसरा थर धरायला त्या लागतात, रेघ भिंतीपर्यंत खोल जाऊ देऊ नका. त्यानंतर थांबायचं. अंगठ्याचं नख सहज रुतत नाही इतका घट्ट झाला की पुढे जायचं, याला थंडीत आठवडा ते दोन आठवडे लागतात. या काळात दिवसातून दोन-तीनदा फवारा, आणि भिंतीवर ऊन किंवा पंख्याचा वारा लागत असेल तर ओलं गोणपाट लटकवा, भिंतीला चिकटवू नका.

दुसरा थर आठ मिलिमीटरच्या आसपास, आधी पहिला थर ओला करून. हा ओळंब्यात आणि पट्टीत आणायचा. या थराचं मुख्य काम लावण्यात नाही, नंतर घोटण्यात आहे. लावल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी, बोट दाबलं तर ठसा उमटतो पण माल बोटाला लागत नाही अशी अवस्था येते. तेव्हा हँडलवाली लाकडी फळी घेऊन गोल गोल, चांगला जोर लावून घोटा. सुरुवातीला ओला फसफस आवाज येतो, मग तो कोरडा खरखरीत होत जातो, आणि वर आलेल्या बारीक भेगा तुमच्या डोळ्यांसमोर मिटतात. दुसऱ्या दिवशी भेग दिसली तर पाणी शिंपडून परत घोटा. हे दोन-तीनदा करावं लागलं तर काही चुकलंय असं समजू नका, असंच असतं. ज्यांनी इथे हात आखडता घेतला त्यांच्या भिंतीवर जाळं दिसतं.

फिनिशिंगला दोन-तीन मिलिमीटरचा थर पुरे. मुरलेला चुना बारीक चाळणीतून परत गाळून घ्या, त्यात समप्रमाणात संगमरवराची पावडर किंवा मैद्याच्या चाळणीतनं पडेल इतकी बारीक वाळू. गवंडी ज्याला नीरू म्हणतात तो असाच बारीक चुन्याचा हात. दुसरा थर घट्ट पण अजून दमट असताना स्टीलच्या थापीनं एकदम पातळ ओढायचा, अर्ध्या तासानं परत एक पातळ हात, आणि ओढून आल्यावर थापी जवळजवळ आडवी धरून दाबत फिरवायची. चकाकी हवी असेल तर नदीतला गुळगुळीत गोटा घासतात, राजस्थानातल्या अराईशसारखी आरशासारखी भिंत मात्र वेगळं शिक्षण आहे, तिच्या मागे आत्ता लागू नका.

फिनिशिंगनंतर किमान आठ-दहा दिवस हलका फवारा चालू ठेवा, ओलं होऊ द्या, जरा सुकू द्या, परत ओलं करा. आतपर्यंत पूर्ण घट्ट व्हायला कित्येक महिने जातात, तोवर खिळे ठोकू नका आणि कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

गवंडी मदतीला असेल तर तो प्रेमानं सांगेल की थोडं सिमेंट टाकू, लवकर धरेल. नम्रपणे नाही म्हणा. थोडं सिमेंट असलेला चुना धड सिमेंटही नसतो आणि चुन्याचा मोकळेपणाही त्यात राहत नाही. तसंच पीओपी नको, वरून अ‍ॅक्रेलिक पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट नको, एवढं करून भिंतीचं तोंड परत बंद केल्यासारखं होतं.

रंगाला चुन्याचीच सफेदी द्या. उरलेला मुरलेला चुना दुधाइतका पातळ करून गाळा, भिंत दमट करून रुंद ब्रशनं चार-पाच पातळ हात मारा, दोन हातांमध्ये एक दिवस सोडा. मारताना तो पाण्यासारखा पारदर्शक दिसतो, वाळल्यावर पांढरा येतो, म्हणून दिसत नाही म्हणून जाड मारू नका, जाड हाताची भुकटी हाताला लागते. रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवडी पाण्यात रात्रभर भिजवून घाला, नुसता पांढरा हवा असेल तर नेहमीसारखी चिमूटभर नीळ. आणि एवढं करूनही बादलीत चुना उरलाच तर वर चार बोटं पाणी ठेवून झाकण लावून ठेवा, वर्षानुवर्षं टिकतो, पुढच्या भिंतीला कामाला येईल.